डॉक्टर साहेबांचे पुसलेले मेसेज

बेंबळी,
१२ डिसेंबर २०२५

अर्पिताताईस,

निकिताचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. दहावीच्या पेपरात पाच मार्कांसाठी मुख्याध्यापकांना रजेचं पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस माझ्याकडं बघतच राहिला.

फोनवर का लिहिलं नाही ते सांगते. तू नर्सिंगच्या परीक्षेमुळं साखरपुड्याला आली नाहीस. ढोकीच्या पाहुण्यांनी मला अंगठी घातली आणि लगेच रणधीरनी सगळ्यांसमोर नवा फोन हातात दिला. आता आपल्याकडं अंगठीपेक्षा फोनचंच कौतुक जास्त. बायका खोकं उघडून उघडून बघत होत्या, आई तर मिरवतच होती. रणधीरचं मोबाईलचं दुकानच आहे, म्हणून वन्सं म्हणाल्या, जुना फोन द्या, दादा सगळं जुनं नव्यात टाकून देईल. मी दिला. सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणणार? फोन दोन दिवस ढोकीला होता. परत आला तेव्हा जुना आईकडं गेला आणि नव्यात माझं सगळं जसंच्या तसं होतं. आपलं स्नॅपचॅटसुद्धा.

ताई, मी स्नॅप उघडलं आणि आधी खोलीचं दार लावलं. बघितला की फोटो जातो म्हणून तर मी तिथून पाठवत होते. पण तू डॉक्टरांना दाखवायला ते फोटो धरून ठेवलेस, सेव्ह केलेस, मग ते माझ्या बाजूलाही राहिले. गौरीच्या सणाला शिवलेल्या ब्लाऊजचा मागचा गळा कसा बसलाय ते बघायला काढलेला पहिला फोटो, ज्यात मला तो पांढरा डाग दिसला, तोही आणि त्यानंतरचे सगळेही. ओळीनं माझी पाठ. आणि हा फोन दोन दिवस परक्या माणसाच्या दुकानात पडलेला.

त्यांनी बघितलं असेल का? बघितलं असतं तर काही बोलले असते ना? रोज सकाळी 'जेवलीस का' असा मेसेज येतो, त्यात काही वेगळं वाटत नाही. पण मी तो मेसेजही दहा वेळा वाचते.

कोड हा शब्द मी अजून कुणासमोर उच्चारलेला नाही, तुझ्याशिवाय. ढोकीला कळलं तर लग्न मोडेल. ते मोडलं तरी मी सोसेन. पण का मोडलं हे आण्णांना कळेल, आणि बाप म्हणून त्यांची मान खाली जाईल. घराण्यातच आहे म्हणतील. हे मला बघवणार नाही.

म्हणून एवढं कर. तू धरून ठेवलेले सगळे फोटो सोडून दे आणि तू लिहिलेलं सगळं पूस. मी पाठवलेलं मी पुसते, पण तुझं मला पुसता येत नाही. एकीनं पुसून भागत नाही. हा फोन त्यांच्या हातून आलाय, त्यात कुठं काय जोडलंय मला कळत नाही, म्हणून त्यावरून फोनही करवत नाही. मी शिकायला जाते त्या दैवशालाताईंच्या शिवणक्लासच्या पत्त्यावर उत्तर पाठव. त्यांच्या फोनवरून बोलले असते, पण तिथं सतत बायका बसलेल्या असतात आणि हे तोंडानं बोलायचं म्हटलं की मला रडू येतं.

रणधीरच्या दुकानावर एक पाटी आहे, साखरपुड्याच्या फोटोतही आलीय: 'डिलीट झालेले फोटो परत मिळतील.' हे खरं असतं का गं?

तुझी,
निकिता

•

लातूर,
१६ डिसेंबर २०२५

निके,

तुझं पत्र हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी स्वतः वर आणून दिलं आणि कुणाचं म्हणून विचारलं. बहिणीचं म्हटलं तर त्यांना पटेना. या दिवसांत मुलीला कागदावर पत्र येतं म्हणजे काहीतरी भानगड, असा त्यांचा चेहरा.

तू सांगितलंस तसं केलं. सगळे फोटो सोडले, माझं लिहिलेलं एकेक करून पुसलं. बोट दुखलं. 'मलम लावलंस का', 'उन्हात जाऊ नको', 'फोटो हलवू नको, नीट काढ', एवढंच तर असायचं माझं, तरी केवढं निघालं ते. आता आपल्यात काही उरलेलं नाही.

पण एक ऐक, हे महत्त्वाचं. तिथं मेसेज पुसला की त्याच्या जागी 'अमक्यानं मेसेज पुसला' अशी बारीक ओळ राहते. तू पुसशील तिथं तुझ्या नावाची, मी पुसलं तिथं माझी. अशा ओळींचा नुसता ढीग झालाय. कुणी उघडलं तर त्याला वाटेल, या दोघींनी दरोडा घातलाय की काय. म्हणून तू आपलं अख्खं संभाषणच यादीतून काढून टाक आणि मलाही काढ. लग्न झाल्यावर परत घे. आणि हो, तू मला तिथं 'डॉक्टर साहेब' नाव ठेवलंयस ना? तेही बदल.

पाटीचं म्हणशील तर घाबरू नकोस. माझ्या मैत्रिणीचा भाऊ तेच काम करतो. फोनमधले गेलेले फोटो कधीकधी येतात, पण या ॲपमधले तिथं नसतातच, मग परत कुठून आणणार? पाटी लावायला काय लागतं.

आता मोठी बहीण म्हणून बोलते. हे पुसून तुझी पाठ बदलणार नाही. कोड लागत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही, त्यानं माणसाला काही होत नाही. तू रणधीरना सरळ सांग. नाहीतर लग्नानंतर काय, जन्मभर बंद गळ्याचे ब्लाऊज घालणार आहेस का? डाग तेवढाच आहे, वाढलेला नाही. निदान तुझ्या आईला, माझ्या मावशीला, तरी सांग.

येत्या अमावस्येला, येळवशीला, मला शेतात यायला मिळणार नाही, ड्यूटी आहे. माझ्या वाटणीची ती सगळ्या भाज्यांची भज्जी खा.

अर्पिता

•

बेंबळी,
२१ डिसेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र मला काल मिळालं आणि येळवस परवा झाली. दोन दिवस आधी आलं असतं तर बरं झालं असतं एवढंच म्हणते.

त्या ओळी मी बघितल्या होत्या गं. वाटलं, ओळच आहे, आत काय होतं ते थोडंच कळतंय. तुझं नाव बदलायचंही सुचलं नाही.

आण्णांनी ढोकीच्या सगळ्यांना येळवशीला शेतात बोलावलं होतं. सोयरीक झाल्यावरची पहिली येळवस, मग बोलवायलाच पाहिजे. पूजेची कडब्याची कोप नेहमीपेक्षा मोठी उभारली, आतल्या पाच पांडवांच्या दगडांना नवा चुना लावला. आई आदल्या दिवसापासून आंबिल भरलेल्या बिंदग्याभोवती फिरत होती. सत्यभामाबाई म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, वन्सं आणि रणधीर आले. सगळं छान चाललं होतं. आण्णा स्वतः वाढत होते, पाहुण्यांना आग्रह करकरून बाजरीचे उंडे खायला घालत होते. त्यांना इतकं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं.

जेवणानंतर रणधीर म्हणाले, कोपीपाशी सगळ्यांचा एक फोटो काढू, तुझा फोन दे, त्याचा कॅमेरा चांगला आहे. मी दिला. फोटो झाला. मग ते फोन घेऊनच विहिरीकडं गेले आणि काठावर बसले. मी लांबून बघत होते. बोट वर खाली, वर खाली. मग मला हाक मारली.

स्क्रीनवर वर 'डॉक्टर साहेब' आणि खाली नुसत्या पुसल्याच्या ओळी. कितीही वर सरकवलं तरी ओळीच.

"हे साहेब कोण?" म्हणाले.

मी सांगितलं, माझी मावसबहीण, लातूरला नर्सिंगला आहे. ते जरासे हसले. म्हणाले, "दुकानात रोज बघतो म्या. पोरी पोराचा नंबर मैत्रिणीच्या नावानं ठिवतात. तू तर निस्तं साहेबच ठिवलंस." मग विचारलं, बहिणीशी बोललेलं पुसावं कशाला लागतं? मी म्हटलं, असंच. ताई, 'असंच' हा शब्द किती खोटा वाटतो हे मला त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, फोन दुकानात नेतो, काय होतं ते काढून बघतो, काही नसलं तर तुझं काय जातंय? आणि मग आईसमोर येऊन अगदी हसतमुखानं सांगितलं, स्पीकर खरखरतोय, दुरुस्त करून आणतो. आई म्हणाली, जावई किती काळजी घेतात.

फोन गेला. आता माझ्याकडं काहीच नाही, आणि त्यांना सापडलं तर डाग दिसणार, नाही सापडलं तर ते कुठलातरी मुलगा समजणार. सांग, मी काय सापडावं म्हणू?

आणखी एक. क्लासमध्ये काल कुणी नव्हतं. ट्रायल घ्यायच्या कोपऱ्यात मोठा आरसा आहे, मी मागं दुसरा धरला. तू म्हणतेस, तेवढाच आहे. गौरीच्या वेळी तो रुपयाएवढा होता, मी फोटोत बघितलं होतं. काल माझा तळवा त्यावर पुरला नाही.

निकिता

•

लातूर,
२६ डिसेंबर २०२५

प्रिय निके,

आधी चांगली बातमी. रणधीरचा मला फोन आला होता.

वॉर्डात होते म्हणून बाहेर जाऊन घेतला. तुझ्या फोनमधून नंबर मिळाला म्हणाले. मी म्हटलं, होय, मीच ती डॉक्टर साहेब, चिडवायला ठेवलेलं नाव आहे. त्यांनी विचारलं, एवढं काय पुसलंय? मग मी अगदी मोठ्या माणसासारखं बोलले. म्हटलं, ती मला दवाखान्याचं काहीतरी विचारत होती, बायकांचं असतं काही, मी इथून औषध सांगितलं, आता सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही तिला खोदून विचारू नका, ती लाजते. ते म्हणाले, "बरं बरं, समजलं." आवाज मऊ झाला होता. मला माणूस समजूतदार वाटला. डागाचा ड सुद्धा काढला नाही मी. मिटलं असं समज आणि नीट जेव.

आता आरशाचं. होय, वाढलाय. तुझी झोप उडू नये म्हणून मी तेवढाच म्हणत होते. इथल्या त्वचेच्या डॉक्टरांचं सुरुवातीपासून एकच म्हणणं आहे की नुसत्या फोटोवर नक्की सांगता येत नाही, मुलीला घेऊन या. मलम आहे, दिवे लावून करायचा उपचार आहे, काहींचा डाग पुष्कळ भरून येतो, काहींचा नाही. संक्रांतीनंतर तू काहीही निमित्त काढून ये. ब्लाऊजचं कापड आणायचं म्हण.

चिडली असशील तर चिड, पण ये.

अर्पिता

•

बेंबळी,
२ जानेवारी २०२६

ताई,

तू हे काय बोलून बसलीस.

परवा हरिबामामा आले होते, सोयरीक त्यांनीच जुळवली ना, म्हणून निरोपही त्यांच्याच हाती. आधी चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, मग आण्णांना म्हणाले, जरा गोठ्याकडं चला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकलं. ढोकीचे म्हणतात, पोरगी दवाखान्यातल्या बहिणीकडून चोरून औषध घेत होती, बायकांचं काहीतरी होतं आणि आता व्यवस्थित झालंय असं बहिणीनंच कबूल केलंय, आणि दोघींनी सगळे मेसेज पुसलेत. तर मग ते काय होतं, हे तुम्हीच समजून घ्या. सत्यभामाबाईंचं म्हणणं, धाराशिवला डॉक्टरीणबाईंकडं नेऊन पोरगी तपासून घ्यायची, त्यांच्या घरची एक बाई सोबत राहील. ठीक निघालं तर पुढं, नाहीतर साखरपुड्याचं सामान परत.

मला दिवस गेले होते आणि तू ते पाडलंस, असं ते समजतात ताई.

आण्णा घरात आले आणि टोपी घालून निघून गेले. आईनं मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. काय केलंस ते एकदाचं सांग म्हणाली. मी म्हटलं, मी काहीही केलेलं नाही. मग काय पुसलंस? पुन्हा तोच प्रश्न. मी पाठ दाखवणार होते. खरंच दाखवणार होते. पण ती रडत म्हणाली, तुझ्या आण्णांना या वयात हे बघायला लावलंस, आणि माझा हात खाली आला. एक खोटं त्यांना जाळतंय, त्यावर आणखी खरं कशाला घालू, असं वाटलं.

मी रात्रंदिवस एकच विचार करतेय. तपासू देत. तपासून काही निघणारच नाही, मग त्यांचा संशय जाईल, सगळं मिटेल आणि डागाचं कुणाला कळणारही नाही. बाईंना पाठ कशाला बघायचीय? येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ते सगळे इथं येणार आहेत, पौष असला तरी. त्या दिवशी दिवस ठरेल.

नाहीतर दुसरा मार्ग म्हणजे तुझ्याकडं एखादा फोटो चुकून राहिला असेल तर तो पाठव. एक जरी असला तरी मी रणधीरना दाखवीन, फक्त त्यांनाच, की हे होतं, दुसरं काही नव्हतं. इतके दिवस मी तुला पूस पूस म्हणत होते, आता कुठं राहिला असेल तर बघ म्हणतेय.

काल दैवशालाताईंच्या फोनवरून तुला लावला होता. तू उचलला नाहीस.

निकिता

•

लातूर,
७ जानेवारी २०२६

निके,

अनोळखी नंबर होता गं, आणि वॉर्डात फोन बाहेर काढता येत नाही. संध्याकाळी लावला तर क्लास बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी दैवशालाताई म्हणाल्या, ती आली नाही, तिच्या आईनं पाठवलं नाही. मावशीच्या फोनवर लावला तर मावशीनं माझा आवाज ऐकून फोन ठेवला. माझी मावशी, जिनं मला लहानपणी महिना महिना सांभाळलं.

मी काय बोलले आणि त्यांनी त्याचं काय केलं. मला वाटलं होतं, मी किती हुशारीनं सांभाळून घेतलं. तो माणूस मऊ आवाजात समजलं म्हणाला आणि मी खुशीत जेवले.

फोटो नाही, निके. सगळीकडं शोधलं. तू म्हणालीस तेव्हा मी चोख काम केलं होतं, एकही सुटला नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, फोटो तुमच्या फोनवर होते, माझ्याकडं कशाला असतील? तुझा केस पेपरही निघालेला नाही, तू कधी आलीच नाहीस.

पण तुला फोटोची गरज नाही. डाग तुझ्या पाठीवर आहे. तो कुणी पुसलेला नाही.

आणि ते तपासायचं म्हणतेस त्याला मी कधीही हो म्हणणार नाही. तू काही केलेलं नसताना त्या बाईसमोर झोपणार, आणि त्यांच्या घरची बाई उभी राहून बघणार? आम्ही रोज बायकांना तपासणीसाठी नेतो, मला माहीत आहे कसं वाटतं ते. एकदा त्यांनी तुला असं तपासलं की जन्मभर तपासतील. माझ्यावर राग धर, बोलू नकोस, पण यासाठी घराबाहेर पाऊल टाकू नकोस.

रविवारी मला सुट्टी मिळतेय का बघते. मिळाली तर पहिल्या एसटीनं निघते आणि सगळ्यांसमोर मी सांगते. आण्णाकाकांच्या पायावर डोकं ठेवून सांगते.

अर्पिता

•

बेंबळी,
१२ जानेवारी २०२६

ताई,

तुझं पत्र आज मिळालं, सगळं काल होऊन गेल्यावर. तुला सुट्टी मिळाली नाही हे एका परीनं बरंच झालं. तू आली असतीस तर मी तुझ्या मागं उभी राहिले असते.

ते दुपारी आले. हरिबामामा, सत्यभामाबाई, वन्सं आणि रणधीर. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका उंबऱ्याच्या आत, मी आईच्या शेजारी भिंतीला टेकून. माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. ते म्हणतील तिथं जायचं, डोळे मिटून घ्यायचे, परत यायचं, कुणाला काही बोलायचं नाही.

हरिबामामांनी विषय काढला. ते फार सांभाळून बोलत होते, आपल्याला कुणाची बदनामी करायची नाही, दोन्ही घरांच्या मनाचं समाधान व्हावं, असं. रणधीर जमिनीकडं बघत होते. फोन त्यांनी सोबत आणला होता. सांगितलं की दुकानात खूप खटपट केली, काही परत आलं नाही. म्हणजे पाटी खोटीच आहे ताई, तू म्हणालीस तशी. पण आता त्याचं मला सुख नव्हतं.

मग आण्णा बोलले. मान वर न करताच म्हणाले, "उद्या नेतो आमी पोरीला. तुमची माणसं बी संगं चला."

मी जायला तयार होते ना? मीच ठरवलं होतं. पण ते आण्णांच्या तोंडून ऐकलं आणि माझं सगळं अंग पेटलं. माझ्या बापानं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं, कारण त्यांना उत्तराचीच भीती वाटत होती. त्यांनी मनातल्या मनात ते खरं धरलं होतं आणि तरी माझ्यासाठी मान खाली घालून बसले होते. त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून मी हे लपवलं, आणि लपवल्यामुळंच ती माझ्यासमोर खाली गेली होती.

मी उठले. आईनं हात धरला, तो सोडवला. उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत गेले, सगळ्यांकडं पाठ केली. ओढणी काढली, वेणी पुढं घेतली आणि ड्रेसचं मागचं बटण सोडून गळा दोन्ही हातांनी खाली ओढला.

"हे पुसलं होतं म्या," म्हटलं. "ह्येचे फोटो होते. अर्पिताताईनं ह्येचंच औषध सांगितलंय."

मला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, समोर नुसती भिंत. आधी सत्यभामाबाई बोलल्या, "अगं बया, कोड हाय की ह्ये," आणि त्यांनी वन्संना मागं ओढल्याचा आवाज आला. मग रणधीर हसले. खरंच हसले ताई, जीव भांड्यात पडल्यासारखे.

"एवढंच व्हय?" म्हणाले. "म्या काय काय धरून बसलो हुतो."

मी बटण लावलं, वळले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. ते आईला समजावायला लागले की आजकाल औषधं निघालीत, आपल्या गिऱ्हाइकातही एकाला आहे, काही होत नाही, माझी लग्नाला हरकत नाही. सत्यभामाबाई नको नको म्हणत होत्या आणि ते त्यांना पटवत होते. किती महिने मी याच गोष्टीसाठी देवाला हात जोडत होते, की डाग बघूनही कुणीतरी हो म्हणावं. आणि तो माणूस समोर बसून हो म्हणत होता.

मग त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. म्हणाले, "घे. पण हितून पुढं ह्यातलं काय बी पुसायचं न्हाय. मला इचारल्याबिगर तर न्हाईच."

त्यांना ते प्रेमाचंच वाटत असावं. मला मात्र एवढंच दिसलं की गेले तीन आठवडे या माणसानं मला रोज मनात काय काय ठरवलं, आपल्या आईला सांगितलं, हरिबामामांना सांगितलं, मला तपासायला निघाला, आणि आत्ता त्याबद्दल एक शब्द नाही. डागाची माफी मला लगेच मिळाली. त्यांच्या मनात आलेल्या गोष्टीची माफी मागायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मला न्हाय करायचं हे लग्न," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

हरिबामामा म्हणाले, पोरीच्या जातीनं असं बोलू नये, ती भांबावलीय. आई रडायला लागली. सगळे आण्णांकडं बघायला लागले. मला वाटलं, आता ते मला आत जा म्हणतील. ते उठून उभे राहिले आणि रणधीरच्या हातातला फोन त्यांनी हळूच परत त्यांच्याकडंच सारला.

"ऐकलं न्हवं तुमी तिचं," एवढंच म्हणाले. "च्या घेऊन जावा."

चहा कुणी घेतला नाही.

ते गेल्यावर आई आत जाऊन पडून राहिली. अजूनही ती माझ्याशी नीट बोललेली नाही. म्हणते, गावभर होणार, आता तुला कोण करणार. होणारच आहे गावभर, वन्सं गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. मला भीती वाटत नाही असं नाही. सकाळी पाणी आणायला गेले तर शेजारच्या काकू माझ्या मानेकडं बघत होत्या, तेव्हा मी ओढणी घट्ट ओढून घेतली. येत्या सोमवारी मी लातूरला येतेय, केस पेपर काढायला. आण्णा सोबत येणार आहेत.

पण तुला जे सांगायला बसले होते ते राहिलंच. पाहुणे गेल्यावर आण्णा बराच वेळ ओसरीवर उभे होते. मी तिथंच खाली बसले होते, ते रागावतील म्हणून वाट बघत. मग ते माझ्या मागं येऊन बसले. म्हणाले, दाखव बघू. मी परत बटण सोडलं. त्यांनी नुसतं बघितलं नाही ताई, त्यांनी त्यावर हात ठेवला. नांगराचा, दगडासारखा हात, पण इतका हलका ठेवला की मला आधी कळलंच नाही.

"दुखतं का गं?" म्हणाले.

मी न्हाय म्हटलं आणि मला जे रडू आलं ते थांबेचना. आण्णा तसेच बसून राहिले, हात न काढता.

तुझी,
निकिता